चारशे बारा बटणं

८ सप्टेंबर, सोमवार. बंगळूर

ही वही ऑफिसची आहे. गेममधले बग लिहायला आम्हा सहाजणांना एकेक दिली होती. आज आमच्या वरच्या मॅडमनी सांगितलं, इथून पुढं बग मशीन शोधणार आणि मशीनच लिहिणार. वही परत कुणी मागितली नाही, म्हणून आता माझं मी लिहितो. नववी सोडल्यापासून एवढं सलग लिहिलेलं नाही. अक्षराकडं बघू नये. बघणार तरी कोण म्हणा.

माझं काम असं. आमची कंपनी मोबाईलवरचा गेम करते, मिठाईच्या दुकानाचा. तीन सारखे लाडू जुळवले की फुटतात, गिऱ्हाईक खूश होतं, बक्षिसाची पेटी उघडते. साठ पायऱ्या, नऊ भाषा. आत कुणी एक रंग जरी बदलला तरी आम्ही सहाजणांनी पहिल्या पायरीपासून पुन्हा सगळी बटणं दाबून बघायची, कुठं काय अडकतंय का. दीड वर्ष मी लाडवांवर बोट मारतोय. माझा चुलतभाऊ अमरसिंह म्हणतो, "आमाला मोबाईल हातात दिसला की मार पडायचा, आन् ह्येला त्येचाच पगार मिळतोय."

आता मशीन आल्यावर सहा माणसं कशाला. आमचं कंत्राट ३० नोव्हेंबरला संपतंय. पुढं सहातला एकच ठेवणार, पण कायमचा; मशीनला शिकवण्यात जो उपयोगी पडेल तो. आणि मी गणपतीत वडलांना, आबांना, शब्द देऊन आलोय. नोव्हेंबरअखेर कायम झालो तर बंगळूर. नाहीतर गप हुपरीला येऊन त्यांच्या शेजारी पैंजणाच्या भट्टीवर बसायचं, परत कुठं जायचं नाव काढायचं नाही. आबांचंही खरं आहे. मी इचलकरंजीत मागावर चार महिने टिकलो, कागलला कारखान्यात सहा, पुण्यात तर मोजलेच नाहीत. आबा म्हणाले, "धैर्या, हितं थांब न्हायतर तितं थांब. पर थांब."

मला इथं थांबायचंय.

११ सप्टेंबर, गुरुवार

मशीन म्हणजे काय ते वीरेशअण्णांनी आज समजावलं. अण्णा निपाणीचे, इंजिनिअर. ह्या मजल्यावर माझ्याशी मराठीत बोलणारी दोनच माणसं, एक अण्णा आणि दुसरी शेजारच्या टेबलावरची दानेश्वरी, संकेश्वरची. दोघांच्या मराठीला कानडीची फोडणी असते, पण आपल्या कानाला गोड लागतं.

अण्णा म्हणाले, "साध्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक बटणाला आतून नाव असतंय बघ. मशीन नावानं हाक मारतंय, बटण ओ देतंय. गेममध्ये तसं न्हाई. गेम म्हणजे मशीनच्या हिशेबानं नुस्तं एक सपाट चित्र. बटण कुठलं, भिंत कुठली, त्याला काय पत्ता न्हाई."

मग करायचं असं की प्रत्येक बटणाचा छोटा फोटो कापून मशीनला द्यायचा. मशीन तो फोटो अख्ख्या स्क्रीनवर फिरवून बघतं, कुठं सगळ्यात जास्त जुळतो, आणि शंभरपैकी गुण देतं. नव्वदच्या वर गेलं तर हेच ते बटण, मारा बोट. खाली राहिलं तर थांबायचं आणि ओरडायचं, इथं गडबड आहे.

मी विचारलं, "अण्णा, मशीनला वाचता येतं?"

"न्हाई रे. अक्षर पण त्याला नक्षीच."

हे ऐकून मला बरं वाटलं. तमिळ, बंगाली, तेलुगू मला तरी कुठं येतं. दीड वर्ष नऊ भाषांची बटणं मी नक्षीवरूनच ओळखतोय.

दानेश्वरी म्हणाली, "म्हणजे तुझ्यासारखंच की. शाळा बुडवलेलं."

मी फोटो कापायचं काम मागून घेतलं. मॅडमनी अण्णांकडं बघितलं. त्या चेन्नईच्या, कमी बोलतात. अण्णांनी त्यांना आठवण करून दिली की पेटीचं झाकण केसभर तिरकं बसतंय हे गेल्या वर्षी मीच दाखवलं होतं, बाकी कुणाला दिसलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, करू दे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

एकूण चारशे बारा फोटो कापायचे. एकशे तीस झाले.

स्क्रीनवरून फोटो घेतला की तो मळका निघतो. कडेला सावली, मागच्या भिंतीचा थोडा रंग, सोनेरी बटण असलं तर शेवाळल्यासारखं. अण्णांनी नुसतं काप म्हणून सांगितलंय. पण मी प्रत्येक फोटो उजळतो. कडा धारदार करतो, मळ काढतो, पिवळ्याला पिवळेपणा आणतो. एका फोटोला दहा मिनिटं जातात. जाऊ देत. आमच्या घरातनं तीन पिढ्यांत मळका माल बाहेर गेलेला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज गंमत झाली. मोनानं, माझ्या बहिणीनं, पैंजणाचा फोटो पाठवला. अगदी जवळून घेतलेला. खाली लिहिलं होतं, "आबा विचारतायत, ह्यात कुठल्या कडीचा जोड उघडा हाय सांग."

मी मोठा करून बघितलं. डावीकडून सहावी. कळवलं.

थोड्या वेळानं आबांचाच फोन. "बरोबर हाय. सहावीच."

म्हणजे परीक्षा घेतली माझी. एवढी वर्षं मी शेजारी बसून काही म्हटलं तर "तुला काय कळतंय" असायचं. आता सहाशे किलोमीटरवरून विचारतात. अर्थात त्यांना आधीच माहीत असणार. पण विचारलं ना.

२४ सप्टेंबर, बुधवार

चारशे बारा पूर्ण. सगळे एका पानावर मांडून बघितले. सराफाच्या काचेत मांडल्यासारखे दिसत होते. अण्णा म्हणाले, "भारी दिसतंय रे." परवा एकदा आणि काल दोनदा मोनाकडून फोटो आले, तेही बघून दिले. आबांना आता चटकच लागली परीक्षेची.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मशीन चाललं नाही.

पहिल्याच स्क्रीनवर, जिथं फक्त एक मोठं 'खेळा' बटण आहे, तिथं उभं राहिलं. एकाहत्तर गुण. दुसरीकडं अडुसष्ट. समोर ढळढळीत बटण आहे आणि हे म्हणतंय, दिसत नाही. शेळीसमोर पाला ठेवावा आणि तिनं तोंड फिरवावं तसं. अण्णा दिवसभर त्यांचं लिखाण तपासत बसले. म्हणाले, चूक माझीच कुठंतरी असणार, तुझे फोटो तर एकदम स्वच्छ आहेत.

२७ सप्टेंबर, शनिवार

अण्णांनी तोडगा काढला. पास व्हायची रेघ नव्वदवरून पासष्टवर आणली. मशीन सुटलं. टकाटक बटणं दाबत साठच्या साठ पायऱ्या चढून गेलं, कुणाचं बोट न लागता. सगळा मजला जमला होता, टाळ्या पडल्या. मी मागं उभा होतो, तर अण्णांनी दंडाला धरून पुढं ओढलं.

दानेश्वरी माझ्या कानाशी म्हणाली, "नववीला तुझ्यासाठी पण अशीच रेघ खाली घेतली असती, तर आज कलेक्टर झाला असतास."

मी हसलो. पण ते डोक्यातून जात नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

वाईट दिवस.

बक्षिसाचं बटण दोन तऱ्हेचं असतं. बक्षीस शिल्लक असलं तर सोनेरी. घेऊन झालं की राखाडी, ते दाबलं तरी काही होत नाही. काल गेममध्ये असा बग आला की पहिल्यापासूनच राखाडी. म्हणजे खेळणाऱ्याला बक्षीस मिळणारच नाही. मशीन त्या राखाडी बटणावर बोट मारून पुढं निघून गेलं आणि लिहिलं काय, सर्व ठीक. दानेश्वरीला हातानं खेळताना ते सापडलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. त्या म्हणाल्या, सगळ्यालाच हो म्हणणारं मशीन मला नको. मग अट घातली. १२ नोव्हेंबरला त्या स्वतः गेममध्ये सात बग लपवून घालणार, कुठले ते कुणाला सांगणार नाहीत. मशीननं सातही पकडायचे. आणि बग नसताना उगाच बोंबही मारायची नाही. एक चुकलं की हे काम बंद, मग सहातला एकही राहणार नाही.

रेघ वर नेली तर मशीन आंधळं, खाली आणली तर लाचार. अण्णांना कळेना, मला तर त्याहून कळेना. दसऱ्याची सुट्टी आधीच मागितली होती. अण्णा म्हणाले, जाऊन ये, पाच फोन बरोबर घेऊन जा, तिकडं जमेल तेवढं बघ.

१ ऑक्टोबर, बुधवार. हुपरी

सकाळी कागलला उतरलो, वडापच्या जीपमध्ये पोरंसोरं आणि दुधाच्या किटल्यांत अंग चोरून घरी. दारात उभा राहिलो तर आबांनी मान वर करून विचारलं, "कोण, अमर?"

"मी आबा. धैर्या."

"व्हय, व्हय. उजेड मागं हाय तुझ्या."

आबांनी बसायची जागा बदललीय. माझ्या जन्माआधीपासून ते भट्टीपाशी बसायचे, आता उंबऱ्याला. आई म्हणाली, "भट्टीपाशी उकडतंय म्हनत्यात." ऑक्टोबर आहे, उकडणारच. कड्या झाळून जोडायचं काम अमरसिंह करतोय. झालेलं पैंजण तो आबांच्या हातात देतो आणि आबा ते डोळ्यासमोरसुद्धा धरत नाहीत, कानापाशी नेऊन हलकं झुलवतात. "ह्यात एक कडी उगडी हाय," म्हणून परत देतात. अमर शोधतो, तर असतेच.

चाळीस वर्षं एक काम केलं की माणूस कुठल्या थराला जातो ते बघावं. नुसत्या आवाजावर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

काल दसऱ्याला भट्टी, हातोड्या, पकडी यांच्या पूजेत मी माझे पाच फोनही मांडले. आईनं त्यांनाही हळदकुंकू लावलं. आज सकाळी आबांनी विचारलं, "ही पूजंची यंत्रं करत्यात तरी काय?"

मी ते पान उघडून, चारशे बारा फोटोंचं, त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, बघा कसं उजळलंय. आबांनी फोन जरा तिरका केला, सरळ केला आणि परत दिला. "असं दावू नगंस. काय काय केलास ते तोंडानं सांग."

मी सगळं सांगितलं. फोटो कापायचा, मळ काढायचा, उजळायचा, मग मशीन तो घेऊन समोरच्या चित्राशी जुळवतं.

आबा म्हणाले, "म्हंजे त्यो नमुना झाला."

"व्हय. नमुनाच."

"मग नमुना उजळत्यात व्हय रं?"

आबाच पुढं म्हणाले,

"व्यापारी नमुना देतोय, तवा आपुन काय करतो? काळा असंल तर काळा, वाकडा असंल तर वाकडा. त्येला हात लावत न्हाय. भट्टीतनं माल निघाला की तसाच त्येच्यासंगं जुळवायचा. उजाळा सगळ्यात शेवटाला, मालाला. नमुन्याला कवाच न्हाय. नमुना चकाकाय लागला, तर भट्टीतला काळा माल त्येला कसा जुळायचा? तुजं मशीन बिचारं खरं बोलाय लागलंय. तूच त्येला खोटं दावलंयस."

अमरसिंह भट्टीवरून म्हणाला, "काका, त्यो इंजिनेर झालाय, त्येला नका शिकवू."

"इंजिनेर असंल तर शिकंल," आबा म्हणाले.

मी एक फोन घेतला. गेम उघडून 'खेळा' बटणाचा फोटो पुन्हा काढला, फक्त कापला, कशालाही हात लावला नाही. सावली, मागच्या भिंतीचा रंग, सगळं तसंच. अण्णांना पाठवला आणि म्हटलं, हा लावून बघा, रेघ नव्वदवर ठेवून. दहा मिनिटांत उत्तर आलं. अठ्ठ्याण्णव.

मग मला कळलं. म्हणजे रेघ खाली आणावी लागली ती माझ्यामुळं. राखाडी बटण निसटलं ते माझ्यामुळं. आणि अण्णा बिचारे स्वतःचं लिखाण तपासून तपासून थकले, मॅडमसमोर चूक आपल्या अंगावर घेऊन बसले. एकदा वाटलं, गुपचूप सगळे फोटो बदलून टाकावेत. कुणाला कळणार नाही. सांगितलं तर कायम व्हायचं विसराच, नववी नापासाला काम दिलं म्हणून अण्णांनाच बोलणी बसतील. तासभर उसाच्या बांधाला फेऱ्या मारल्या. पण आबांनी अमरसमोर सांगितलेलं, तूच खोटं दाखवलंयस. ते ऐकून परत खोटं कसं दाखवायचं.

फोन लावला आणि सांगून टाकलं. "अण्णा, मी फोटो उजळले होते. सगळे. तुम्ही सांगितलं नव्हतं, मीच."

अण्णा म्हणाले, "अय्यो शिवा." मग विचारलं, "चारशे बारा?"

"चारशे बारा."

"माझी सासू भांड्यावरचं नाव पण घासून घालवते, तसं केलास की रे." मग म्हणाले, "मॅडमना मी सांगतो. खरं तेच सांगतो. तारीख त्या हलवणार न्हाईत. सोमवारपर्यंत किती कापून देतोस?"

"सगळे."

६ ऑक्टोबर, सोमवार

चारशे बारा झाले. तीन दिवस जेवणाशिवाय उठलो नाही. आता एक मिनिटात एक फोटो होतो, कारण काही करायचंच नाही, हेच सगळ्यात अवघड. बोटं शिवशिवतात. मोनानं भाषा बदलून द्यायच्या, मी कापायचे. आई शेजारी घुंगरं ओवत होती. आबा मधनंमधनं विचारायचे, "उजळला न्हाईस न्हवं?"

निघताना आबांनी पाच पैंजणं पुढ्यात ठेवली. जोड बघून दे म्हणाले. एवढ्या घाईत. पण दिले बघून. दोन काढली बाजूला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. बंगळूर

रेघ ब्याण्णववर. मशीन पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलं. राखाडी बटण आलं तिथं थांबलं, सत्तर गुण दिले आणि ओरडलं. त्या ओरडण्याचा झाला एवढा आनंद मला आयुष्यात कशाचा झाला नव्हता.

मॅडम टेबलापाशी आल्या. वाटलं, आता उजळण्याचं निघणार. त्या एवढंच म्हणाल्या की तू सांगितलंस ते मला कळलंय. आणि गेल्या. चांगलं की वाईट, अजून ठरवता येत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. गेलो नाही. मोना चिडलीय. छोट्या स्क्रीनच्या फोनवर तेच बटण लहान दिसतं आणि गुण घसरतात, म्हणून प्रत्येक मापाचे वेगळे फोटो चाललेत.

अण्णा डबा खाताना म्हणाले, "हेच मशीन पैंजणाला लावलं तर? जोड उघडा असला की ओरडंल. बसवूया काय तुझ्या घरी?"

मी म्हटलं, "आबांना कशाला मशीन, अण्णा. त्यांच्या नजरेला तोड नाही."

रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला मोनाचे फोटो येतात, आता आठ-दहा. आज तर चिडलेली असूनही पाठवले. मी डब्याआधी बघून टाकतो. आबांना माझ्यावर एवढा विश्वास बसेल असं कधी वाटलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज लागलं मशीन. नऊ फोन एका ओळीत, नऊ भाषांत. मॅडमनी सात बग कुठं लपवलेत ते एका पाकिटात बंद करून टेबलावर ठेवलंय. उद्या सकाळी अकराला निकाल. मी काही करू शकत नाही, फक्त फोनांची चार्जिंगची वायर सैल नाही ना एवढं सात वेळा बघितलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अकराला सगळे उभे होते. अण्णांनी यादी उघडली. मशीन आठ ठिकाणी ओरडलं होतं.

मॅडमनी पाकीट फोडलं. एकेक ताडून बघितलं. पेटीचं झाकण उघडत नाही, सापडलं. लाडवाच्या जागी पेढा, सापडलं. बंगालीत बटणच नाही, सापडलं. सातही. पण आठवं पाकिटात नव्हतं. कानडी, सगळ्यात छोटा फोन, सदतिसावी पायरी, मधेच उघडणारी पाटी बंद करायची फुली. त्र्याऐंशी गुण.

कुणीतरी मागं म्हणालं, गेलं. उगाच बोंब मारायची नाही ही अटच होती. अण्णा हळूच म्हणाले, "छोट्या मापाचा फोटो चुकला असंल काय रे आपला?"

मी म्हटलं, "त्या मापाचा फोटो मी दोनदा कापलाय."

"मग?"

मग काय. मी तो फोन उचलला आणि खेळायला लागलो. मॅडम, अण्णा, पाचही टेबलं, सगळे बघत उभे. सदतिसाव्या पायरीला जायला चार मिनिटं लागली, ती फार लांब होती. पाटी आली. बघितल्याबरोबर कळलं. पाटीवरचा कानडी मजकूर दोन ओळींचा झाला होता, त्यानं फुलीला वर ढकललं होतं, आणि फुलीचा वरचा भाग फोनच्या वरच्या पट्टीखाली दबला होता. मी बोट मारलं. पाटी हलली नाही. परत मारलं. नाही.

मी फोन दानेश्वरीकडं दिला. म्हटलं, "वाच, काय लिहिलंय."

तिनं वाचलं. "बरोबर लिहिलंय. पण लांब आहे. परवा भाषांतरवाल्यांनी बदललं वाटतं." तिनंही बोट मारलं. तिच्यानंही हलली नाही. ती मॅडमकडं वळली आणि हिंदीत म्हणाली की कर्नाटकात हा फोन लाखो लोकांकडं आहे, ते सगळे इथंच अडकणार.

मॅडमनी फोन घेतला. त्यांनी पाच-सहा वेळा बोट मारलं. मग पाकिटातल्या कागदावर पेनानं आठवी ओळ लिहिली आणि तिच्यापुढं बरोबरची खूण केली.

अण्णांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय.

मला एक सांगायचंय, निदान ह्या वहीत तरी. तो बग मशीनला सापडला. मला नाही, दानेश्वरीलाही नाही. पण मशीनला ती फुली कशी दिसते ते मी शिकवलंय. आणि मशीनवर सगळ्यांचा विश्वास उडाला होता तेव्हा ते खरं बोलतंय हे पहिल्यांदा मी म्हटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दानेश्वरीला दुसऱ्या गेमच्या कंपनीत काम मिळालं. मुलाखतीत तिनं फोटो कापायची आमची सगळी पद्धत सांगितली म्हणे. मी म्हटलं, "माझी विद्या चोरलीस." ती म्हणाली, "तुझी नाही, तुझ्या आबांची. त्यांना विचारते वाटलं तर." बाकीच्या चौघांचं अजून काही नाही. त्यांच्यासमोरून जाताना मला मान वर करून चालायला होत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्र मिळालं. कंपनीच्या कागदावर, शिक्क्यासकट. धैर्यशील आकाराम, आणि खाली हुद्दा, त्याचा अर्थ अण्णांनी सांगितला: चित्र ओळखून होणाऱ्या तपासणीचा जबाबदार माणूस. मॅडमनी हात मिळवला. म्हणाल्या, चूक सांगणारा माणूस मला मशीनपेक्षा जास्त कामाचा वाटला. हे त्यांनी हिंदीत म्हटलं, मोडकंतोडकं, पण मला कळावं म्हणून हिंदीतच.

जिन्यात जाऊन घरी फोन लावला. आबांनीच उचलला.

"आबा, कायम झालो."

"झालास?"

"पत्र आलंय. शिक्का हाय."

मागं भट्टीचा भाता चालल्याचा आवाज येत होता. आबा म्हणाले, "ब्येस झालं. आता तितंच ऱ्हा. हिकडची काळजी करू नगंस. भट्टी म्या अमरकडं दिली कालच."

"तुमी काय करताय मग?"

"मी बायकांत बसून घुंगरं ओवतोय. त्येला काय, हाताचं काम हाय."

मला हसूच आलं. घुंगरं ओवण्याला आबांनी जन्मभर काम म्हटलेलं नाही. पण बरं झालं. मी मार्गाला लागतोय हे त्यांना आधीच कळलं असणार, म्हणून त्यांनी हात मोकळा केला. चाळीस वर्षांनी जरा आराम. माझ्या जिवावर आबांनी आराम करावा, ह्यापेक्षा मोठं काय असतं. मी म्हटलं, रोजचे फोटो मात्र पाठवत जा, मी बघून देत जाईन. ते म्हणाले, "पाठवतो की. त्येच्याबिगर कसं चालंल."

पत्राचा फोटो मोनाला पाठवला. तासाभरानं तिचा फोन. आबांनी तिच्याकडून पत्र तीनदा वाचून घेतलं म्हणे. सगळं इंग्रजी, त्यांना एक अक्षर कळत नाही, तरी तीनदा. मग विचारलं, त्याचं नाव कुठं हाय ह्यात, वर का खाली? मोनानं त्यांचा अंगठा धरून स्क्रीनवर माझ्या नावावर ठेवला. ते नावावरून अंगठा फिरवायला लागले, तर फोटो सरकला. मोनानं परत आणला, परत सरकला. असं बराच वेळ चाललं होतं म्हणे. बोलता बोलता मोनाचा आवाज भरून आला. आनंदानंच असणार, भाऊबीजेचा राग गेला म्हणायचा.

मी म्हटलं, "झेरॉक्सवाल्याकडं जा आणि जाड कागदावर काढून आण. आबांना हातात धरायला बरं पडेल."

"मोठ्या अक्षरात काढू, दादा? खूप मोठ्या?"

"कशाला," म्हटलं. "पत्र आहे तेवढंच असू दे. फक्त शिक्का कापला जाऊ नये, तेवढं बघ."